नाना, ते लाकूड कुठलं?

तीर्थरूप नाना,


फोनवर तुमच्याशी बोलणं होत नाही. तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मागे नालासोपाऱ्याच्या लोकल धडधडत असतात, आणि माझ्या तोंडून 'लाकूड' निघालं रे निघालं की तुम्ही "बरं आहे, ठेवतो" म्हणून मोकळे होता. म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा सापडला नाही तर वहिनीकडून वाचून घ्या. एक परिच्छेद सोडून, तो कुठला ते तिथे आल्यावर सांगते.

आधी तुमच्या त्या वाक्याचं बघू. सगळ्यांसमोर म्हणालात, "एवढं शिकून पोरगी शेवटी किडेच बघत बसली." लागलं मला ते. नाना, किडे मला दाखवले कोणी? शाळा सुटली की दप्तर शेडच्या दारात टाकून मी तुमच्या भुशात येऊन बसायची, तेव्हा रंधा मारता मारता मध्येच थांबून फळीवर बोट कोण फिरवायचं? "इथे कोणीतरी राहून गेलंय," म्हणायचात आणि पटाशीने अलगद उकलून आतला बोगदा दाखवायचात. भोकातून मैद्याइतकं बारीक पीठ गळत असेल तर घुण, आणि तंतुमय, जाड भुसा बाहेर येत असेल तर मोठी अळी, हा धडा मी तुमच्याकडे शिकले. कॉलेजात गेल्यावर तोच धडा इंग्रजीत, लॅटिन नावांसकट परीक्षेला आला. मी पहिली आले, आणि तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन विचारलंत, "कशाबद्दल?"

तुमचं ते अमावास्येचं शास्त्रही विसरले नाहीये. लाकूड आणि बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, म्हणजे कीड लागत नाही. त्यावर आपण किती भांडलो! बांबूत पिठूळपणा, म्हणजे स्टार्च, जितका जास्त तितका घुण जास्त, एवढं मला मान्य आहे. चंद्राचं मात्र अजून नाही. आणि बोहाड्याच्या उत्सवातलं एक जुनं लाकडी सोंग दुरुस्तीला आलं होतं, त्याच्या कानामागे दोन गोल भोकं होती, आठवतं? मी विचारलं, "देवाला पण कीड लागते?" तुम्ही म्हणालात, "देवाला नाही, सावरीला." सावर होती की पांगारा, त्यावर मग तुमचं आणि सोंग आणणाऱ्याचं जुंपलं ते अंधार पडेपर्यंत. मी मात्र त्या भोकांत काडी घालून बसले होते.

तर यंदा मृगाच्या सरींनंतर जव्हारला गेले होते. शेडची दोन कौलं सरकलीत, मागच्या भिंतीला ओल आलीय, पण बाकी तुम्ही ठेवलंत तसंच आहे. गुण्या खिळ्याला, गिरमिट डब्यात. मागच्या भिंतीला गोणपाटाखाली तुम्ही तो ओंडका उभा करून ठेवलाय ना, हातभर जाडीचा, अर्धी साल असलेला? "याला हात लावायचा नाही" म्हणून बजावलेला? मी हात लावला. गोणपाट उचललं तर खाली जाड भुशाचा ढीग, ओंडक्याला ताजं लंबगोल भोक, आणि भोकापासून वीतभर वर, सालीला घट्ट धरून बसलेला एक भुंगेरा. बोटाच्या पेराहूनही आखूड, मिशा मात्र अंगाच्या दीडपट. सालीवर तो असा काही मिसळून गेला होता की मिशा हलल्या नसत्या तर दिसलाच नसता.

लाकडातून भुंगेरा निघणं यात नवल काहीच नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सुक्या लाकडात वर्षानुवर्षं राहणारा एक आपल्याकडे आहेच, स्ट्रोमेशियम बार्बाटम नावाचा, शेकडो जातींच्या लाकडात राहू शकणारा. खाट, चौकट, तुळई, त्याला काहीही चालतं. अमेरिकेत तर पुस्तकांचं कपाट करून चाळीस वर्षं झाल्यावर त्यातून एक लांबमिशा भुंगेरा बाहेर पडल्याची नोंद आहे. सुकं लाकूड निकस, अळी उपाशीपोटी हळूहळू वाढते, आणि कपाट वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे गेल्यावर ती बाहेर येते. पण आपल्या शेडमधला हा स्ट्रोमेशियम नव्हे. ते कसं ओळखलं ते सांगते, कारण "बघून काय कळतं तुम्हाला?" हा तुमचा दुसरा टोमणा आहे.

तुमच्या ओळखीच्या भुंगेऱ्यापासून सुरू करू. आंब्याचा भिरूड. वाडीतल्या हापूसच्या खोडातून तारेचा आकडा घालून तुम्ही ज्याची अळी ओढून काढायचात, आणि मग घासलेटात भिजवलेला कापसाचा बोळा कोंबून वरून चिखलाने भोक लिंपायचात, तो. बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. १७७५ साली चार्ल्स डी गीर या स्वीडिश माणसाने त्याचं पहिलं वर्णन छापलं. अळ्या तुम्ही शेकड्यांनी मारल्या असतील, पण मोठा भुंगेरा कधी हातात धरून शांतपणे पाहिलात का? राखाडी-तपकिरी अंग, मानेच्या ढालीवर दोन तांबूस-केशरी ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक काटा, पंखांच्या जोडावरचा छोटा त्रिकोण पांढराशुभ्र. मिशांना खालच्या बाजूने काटे. मिशांची पेरं मोजली तर अकरा. बहुतेक लांबमिशांना अकराच असतात. पहिलं पेर जाड, दुसरं इतकं चिमुकलं की मोजताना हटकून निसटतं, आणि तिसऱ्यापासून लांबी सुरू. नराच्या मिशा मादीपेक्षा लांब. का, ते तुम्हीच ओळखा.

आता डोळे. इथे मी तुम्हाला खुर्चीवर बसवून मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावणार आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर. या भुंगेऱ्यांचा डोळा गोल नसतो. मिशी जिथून निघते तिथे डोळ्याला खाच पडलेली असते, म्हणजे डोळा मिशीच्या बुडाला वळसा घालून बसतो. एक भाग मिशीच्या वर, दुसरा खाली. काही जातींत मधला पूल इतका बारीक होतो की डोळ्याचे दोन तुकडे पडतात, चार डोळ्यांचा प्राणी तयार! डोळ्यातली भिंगं ठसठशीत मोठी असतील तर बहुधा रात्रीचा संचार, बारीक असतील तर दिवसाचा. आपल्या शेडमधल्याची भिंगं मोठी आहेत आणि डोळ्याचे दोन्ही भाग जेमतेम जोडलेले. हे मी वहीत लिहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

चेहऱ्यावरून घराणं कळतं. स्ट्रोमेशियमचं तोंड पुढे झुकलेलं असतं. भिरुडाचं आणि याचं तोंड सरळ खाली, कपाळ उभं. जबड्याजवळ दोन जोड्या इवल्या चाचपणी करणाऱ्या पेरांच्या असतात, त्यांचं शेवटचं पेर या घराण्यात टोकदार असतं, स्ट्रोमेशियमच्या घराण्यात बोथट, कापल्यागत. आणि पुढच्या पायाच्या नळीवर आतल्या अंगाला एक तिरकी खोबण असते. मिशी त्या खोबणीत धरून ओढायची, धूळ साफ. या खुणा जुळल्या म्हणजे तो लॅमिईनी. लांबमिशांमधलं सगळ्यात मोठं घराणं, जगभरात वीस हजारांहून जास्त जातींचं.

पावलाचीही एक गंमत आहे. पावलाला पेरं किती म्हणाल? मोजली तर चार भरतात, असतात पाच. तिसरं पेर दुभंगलेलं, आणि चौथं त्याच्या बेचक्यात इतकं दडून बसलेलं की जुन्या लोकांनी कित्येक वर्षं चारच धरली. तळव्याला दाट लव असते, त्यामुळे उभ्या सालीवर तो निसटत नाही.

आणि आवाज! उचलला तेव्हा तो किरकिरला. भिरूडही किरकिरतो, हातात धरल्यावर. मानेच्या ढालीखाली मधल्या पाठीचा एक तुकडा झाकलेला असतो, त्यावर आडव्या रेघांची अतिसूक्ष्म पट्टी असते, एकीला लागून एक. मान वर-खाली केली की ढालीची मागची कड त्या पट्टीवरून घासत जाते. तुमची सगळ्यात बारीक कानस घ्या, तिच्यावर पत्र्याची धार ओढा, तोच प्रकार. फक्त इथे कानस आणि धार दोन्ही एकाच अंगावर. ही पट्टी किती रुंद, मधोमध रेघ आहे का, आडव्या रेघा किती जवळजवळ, हे सगळं वर्णनात लिहावं लागतं. एखाद्या जातीचं वर्णन म्हणजे असंच असतं, नाना. कपाळापासून पावलापर्यंत, क्रियापदं गाळून, कोरडं. "मिशा तांबूस-तपकिरी, तिसऱ्या पेरापासून बुडाशी पांढुरकी लव." "पंखांच्या ढालीवर बुडाकडे खोल, टोकाकडे उथळ होत जाणारे टोचे." पानंच्या पानं. वाचणाऱ्याला झोप यावी असंच ते लिहायचं असतं, कारण आणखी शंभर वर्षांनी कोणीतरी दुसऱ्याच देशात बसून, हातातला भुंगेरा आणि ते वाक्य समोरासमोर ठेवणार असतं. तिथे "सुंदर" लिहून काही उपयोग नाही.

नक्षीचं मात्र सांगितलंच पाहिजे. या घराण्यातल्या बहुतेक भुंगेऱ्यांच्या पाठीवरची नक्षी रंगाची नसते. ती लवेची असते. इतक्या बारीक केसांची की साध्या डोळ्याला डाग वाटतो. केस ज्या दिशेला झोपलेले असतील तसा उजेड फिरवला की डाग फिका-गडद होतो. भुंगेरा महिनाभर सालीवर वावरला की ही लव झिजते, आणि मग झिजलेला नमुना एका नावाने, ताजा दुसऱ्याच नावाने असा गोंधळ होऊन बसतो. आपला हा भोकातून नुकता निघालेला, केसही न विस्कटलेला. पंखांच्या मध्यावर राखाडी पट्टा आहे, त्याची मागची कड दातेरी, आणि त्या दात्यांच्या आत काळ्या केसांचे छोटे झुबके, उभे. मी तो पट्टा पाहून पाहून काढलाय. चित्र सोबत ठेवलंय.

आता हा परिच्छेद वहिनीकडून वाचून घेऊ नका. नर भुंगेऱ्याचं जननेंद्रिय तपासल्याशिवाय हल्ली कोणी वर्णन छापत नाही, कारण वरून तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन जातींत फरक तिथेच निघतो. गरम पाण्यात भुंगेरा मऊ करायचा, पोटाच्या टोकाकडून चिमट्याने आतला भाग ओढून घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात ठेवून मांस विरघळवायचं. मागे उरतं ते कठीण, पारदर्शक, मधाळ रंगाचं. मधला वाकडा भाग, त्याला वेढणारा दुसरा, त्याची दोन केसाळ टोकं. ते ग्लिसरीनच्या इवल्या नळीत घालून त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीला टोचून ठेवायचं, म्हणजे मालक आणि माल एकत्र. टाचणी नेहमी उजव्या पंखातून. झालं, वहिनीला परत बोलवा.

मग तुम्ही विचाराल, एवढं बघितलंस, मग हा कोण ते सांग. इथेच घोडं अडलंय. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या प्राण्यांवर जाडजूड ग्रंथांची एक मालिका निघाली. त्यात लांबमिशांचा खंड चार्ल्स गहान यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून लिहिला, १९०६ साली छापला. आजही आम्ही तो उघडतो. पण त्या खंडात लॅमिईनी नाहीत. ते पुढच्या खंडात येणार होते, आणि तो खंड काही आला नाही. अर्ध्याहून मोठं घराणं दाराबाहेर राहिलं. पुढे स्टीफन फॉन ब्रॉयनिंग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थांनी जगभरच्या लॅमिईनींना नावं देण्याचा असा सपाटा लावला की एकट्याने जवळजवळ आठ हजार नावं छापली. आठ हजार! वर्णनं चार-चार ओळींची, चित्र बहुतेक वेळा नाहीच. मला त्यांचा आदर आहे आणि रागही येतो. असं भरभर काम केलेलं तुम्ही एखाद्या मिस्त्रीचं पाहिलंत तर काय म्हणाल? २०१७ साली भारतातल्या लांबमिशांची एकत्र यादी छापली गेली, दीड हजारांहून जास्त जातींची, त्यामुळे शोधाशोध थोडी सोपी झाली. पण यादीत नावं असतात, चेहरे नाहीत. चेहऱ्यांसाठी पॅरिस-लंडनच्या पेट्यांतले फोटो मागवावे लागतात.

तेव्हा हा नवा आहे असं मी म्हणत नाही. जवळच्या तीन नावांशी लावून पाहिला, तिन्हींत बसत नाही, एवढंच. एकाच नमुन्यावर उडी मारायला मी काही ब्रॉयनिंग नव्हे. मादी हवी, आणखी चार नर हवेत. पुढच्या जूनमध्ये पांढरा पडदा आणि दिवा लावून रात्री बसायचं ठरवलंय, आणि फांद्यांखाली उलटी छत्री धरून काठीने झोडपायचंही. नवा निघालाच तर नियम असा की एक नमुना कायमचा त्या नावाचा धनी ठरतो. त्याला होलोटाइप म्हणतात, त्याला लाल चिठ्ठी लागते, आणि पुढे कितीही वाद झाले तरी तंटा त्याच्यासमोरच मिटवायचा. आपल्या देशात २००२ चा जैवविविधता कायदा सांगतो की नवी जात सापडली तर ती सरकारने नेमलेल्या संग्रहालयाला कळवायची, नमुना तिथे जमा करायचा. आपल्याला सोयीचं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्याचं केंद्र. म्हणजे तुमच्या शेडमधला भुंगेरा सरकारी मालमत्ता होणार.

आता मुद्द्याला येते. नाना, ते लाकूड कुठलं?

फोन ठेवू नका. कागद आहे, ठेवता येणारही नाही.

तुम्ही का टाळताय ते मला कळतंय. ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण नाही, हे मीही पाहिलंय. पास होता की नव्हता, मालकीच्या झाडाचा होता की कोणी रात्री सायकलवर आणून टाकला, मला काही ठाऊक करून घ्यायचं नाही. मी वनखात्यात नाही. जंगलात जाऊन किडा पकडायचा तर मलाच त्या खात्याकडे परवानगीचा अर्ज करावा लागतो, आणि अर्जाचा प्रवास ओंडक्याच्या प्रवासापेक्षा फार हळू असतो. तुमच्या शेडमध्ये आपणहून चालत आलेल्या भुंगेऱ्याला परवानगी लागत नाही, म्हणून तर मी खूश होते. पण चिठ्ठीवर काय लिहू? "जव्हार, सुतारशेड"?

लाकूड फिरतं, नाना. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेची झाडं मरायला लागली, तेव्हा खोडांतून आशियातला एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा लांबमिशा निघाला. मालाच्या लाकडी खोक्यांतून समुद्र ओलांडून आला होता. हजारो झाडं तोडून नष्ट करावी लागली. तुमच्या शेडमध्ये नाशिकच्या वखारीतलं लाकूड यायचं, डेपोच्या लिलावातलं यायचं, जुन्या वाड्याच्या तुळया यायच्या, एकदा तर गुजरातेतलं शिसव आलं होतं. मग हा भुंगेरा जव्हारचा कशावरून? खोडाळ्याकडच्या उतारावरचा असेल, सूर्यमाळचा असेल, दाभोसाच्या धबधब्याखालच्या ओल्या रानातला असेल, किंवा या भागाचा नसेलच. आमच्या कामात गावाशिवाय नमुना म्हणजे गटारात गेलेलं पत्र. जुन्या पेट्यांत आपल्या भागाचे भुंगेरे असतील तर त्यांवर ठाणे लिहिलेलं असणार, कारण पालघर जिल्हाच १ ऑगस्ट २०१४ ला झाला. निदान तेवढं जुळवून घेता येतं. पण "कुठून तरी आणलेलं लाकूड" कशाशी जुळवू?

आणि झाड कुठलं? साल निम्मी गळलीय, उरलेली भुसभुशीत. मला ऐन वाटतो, पण रेषा बघून हेदही म्हणता येईल. तुम्ही नखाने ओरखडा काढून, वास घेऊन सांगाल. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडांचा मोठा संग्रह आहे, तिथे चकती पाठवली तर जात सांगतील. पण कोणत्या उतारावर, झाड उभं वठलेलं होतं की वादळात पडलेलं, सालीला आधीच चिरा होत्या का, हे देहरादूनला कसं कळणार? लॅमिईनींची मादी सालीत जबड्याने खाच पाडते, मग उलटी फिरून त्या खाचेत अंडं घालते. ती कुठलं झाड निवडते, जिवंत की मरणपंथाला लागलेलं, यावर सगळं अवलंबून. काजूचं खोड पोखरणाऱ्या रोठ्याचं तुम्ही बरोबर ओळखायचात, बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसला की झाड पिवळं पडायच्या आत. शेतीखात्याचा माणूस यायच्या आधी तुम्ही सांगून मोकळे.

नाना, आम्ही ज्याचं पानभर वर्णन करतो तो मोठा भुंगेरा काही आठवडे, फार तर काही महिने जगतो. बाकी सगळं आयुष्य अळीचं, अंधारात, लाकडाच्या आत. पाय नाहीत, डोळे नाहीत म्हणण्याइतके, पाठीवर आणि पोटावर उंचवटे, ते बोगद्याच्या भिंतींना टेकवत टेकवत पुढे सरकायचं. एक वर्ष, दोन वर्षं, सुक्यात पडली तर आणखी कितीतरी. त्या काळाबद्दल वर्णनात एक ओळ असते, "यजमान झाड", आणि बहुतेक वेळा त्यापुढची जागा कोरी असते. गहानकडे कोरी, ब्रॉयनिंगकडे कोरी. पेटीतल्या मेलेल्या भुंगेऱ्याला झाड विचारता येत नाही. तुम्ही मात्र आयुष्यभर लाकूड उकललंत, बोगदा कुठून सुरू झाला, गाभ्यात शिरला की बाहेरच्या पांढऱ्या लाकडातच राहिला, भुसा गच्च भरला होता की मोकळा, हे सगळं तुमच्या डोळ्यांखालून गेलंय. आणि ते तुम्ही सगळं शेकोटीत घातलंत! मला कधी वही का काढायला लावली नाहीत? मीही कधी का नाही काढली, ते सोडा.

वहिनी म्हणते, तिसऱ्या मजल्यावर तुम्ही दारांच्या कड्या पुन्हा पुन्हा तपासता, सोसायटीच्या दरवाजाला "प्लायवूड आहे, याला कीड पण लागणार नाही" म्हणून नावं ठेवता. ऐकून हसले आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही.

नावाचं म्हणाल तर, नवा निघाला तरी तुमचं नाव देणार नाही, घाबरू नका. तशी प्रथा आहे. २०२१ साली ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला शहीद पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या नावाने आयसियस तुकारामी म्हटलंय, आणि ते मला फार योग्य वाटलं. पण तुमचं नाव छापून आलं तर कोणीतरी विचारेल, हे नाना कोण, त्यांच्याकडे ओंडका आला कुठून. त्यापेक्षा गावाचं नाव देईन. म्हणून तरी गाव सांगा. गावाच्या जवळची वाडीसुद्धा चालेल, ओढा चालेल, "अमक्याच्या वरकसाच्या वर" एवढंही चालेल. माणसाचं नाव नको.

ओंडक्याच्या टोकाकडचा हातभर तुकडा कापून घेतलाय, अर्धा मायक्रोस्कोपखाली, अर्धा या पत्रासोबत पिशवीत. राहिलेला ओंडका मच्छरदाणीच्या कापडात गुंडाळून शेडमध्येच ठेवलाय, आत अजून अळ्या असाव्यात, कारण रात्री कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतो. तुकडा पटाशीने खरवडून बघा, ओला करून बघा, चावून बघायची सवय असेल तर चावा. काय वाटतं ते वहिनीला सांगा, ती मला लिहून पाठवेल. फक्त फेकू नका, आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. दिवाळीला मी येतेय, तेव्हा तो परत लागेल.

तुमची,
किडे बघणारी पुतणी